पोर्ट्समथच्या तोंडातून पोर्ट सोलंटपर्यंत: तीन सागरी मैलांचा छोटा प्रवास, पायरीपायरीने

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सोलंटच्या पाण्यात, म्हणजे किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीत, बोट घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पोर्ट्समथ बंदरात शिरावं लागतं. बंदराच्या तोंडापासून आत, अगदी वरच्या टोकाला असलेल्या पोर्ट सोलंट मरीनापर्यंतचं (मरीना म्हणजे छोट्या बोटींचा तळ) अंतर सुमारे तीन सागरी मैल आहे. पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, गेलात तर चाळीसेक मिनिटं लागतात. पण याच चाळीस मिनिटांत तुमच्या शेजारून विमानवाहू जहाज जाऊ शकतं, फेरीबोटी सुटतात, खाली ओहोटी ओढत असते आणि शेवटी लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी जुळवणाऱ्या दोन दारांच्या हौदातून, बोट आत घ्यायची असते. हा लेख बोट चालवण्याचं शिक्षण नुकतंच पूर्ण केलेल्यांसाठी आहे. हातात आठ-नऊ मीटरची बोट आहे, सोबत एकदोन माणसं आहेत आणि पहिल्यांदाच हे बंदर चढायचं आहे, असं धरून मी लिहितो आहे.

माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: या प्रवासातले जवळजवळ सगळे निर्णय बंदराच्या तोंडाबाहेर, मोकळ्या पाण्यात घ्यायचे. तोंडात शिरल्यावर विचार करायला जागा उरत नाही. पूर्वेचा गोल बुरूज आणि पश्चिमेचा फोर्ट ब्लॉकहाउस यांच्यामधली फट जेमतेम दोनशे मीटरची आहे, आणि ती फट तुमच्या एकट्याची नाही.

आधी भरती-ओहोटीचं गणित

पोर्ट्समथची भरती आपल्या कोकण किनाऱ्यासारखी दिवसातून दोनदा येते आणि उंचीही ओळखीची वाटावी अशीच आहे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी नकाशाच्या शून्यरेषेपासून (नकाशातल्या खोल्या जिथून मोजतात ती पातळी) सुमारे ४.७ मीटरवर चढतं आणि ०.८ मीटरपर्यंत उतरतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत ३.८ आणि १.९ च्या दरम्यान राहतं. म्हणजे उधाणाचा फरक जवळपास चार मीटर, भांगाचा दोनच्या आत.

मुंबईकडची कोळी मंडळी भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पौर्णिमेला सव्वाअकरा. मला इथे आल्यावर फार आनंद झाला तो हे पाहून, की हा आडाखा पोर्ट्समथलाही बऱ्यापैकी लागू पडतो. इथेही अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. फक्त उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, तो तास मिळवायचा. अर्थात हा आडाखा शनिवारी बोट काढायची की रविवारी, एवढं घरबसल्या ठरवायला. पाण्यात उतरताना छापील किंवा अधिकृत तक्ताच हवा, आणि त्यात वेळ ग्रीनिचची दिली आहे की उन्हाळी, हे आधी बघायचं. एका तासाच्या चुकीने इथे बरंच काही बदलतं.

दुसरी गोष्ट कोकणात बसून कळणार नाही अशी. समोर आइल ऑफ वाइट बेट आडवं पडल्यामुळे सोलंटमधली भरती सरळ चढत नाही. पोर्ट्समथला पाणी चढायला सुमारे सात तास घेतं, मध्ये काही वेळ थबकतं, आणि मग उतरताना पाचेक तासांतच उतरतं. तेवढंच पाणी कमी वेळात बाहेर पडायचं म्हणजे ओहोटीचा जोर जास्त. सगळ्या बंदराचं पाणी त्या दोनशे मीटरच्या फटीतून निघतं, त्यामुळे उधाणाच्या ओहोटीत, विशेषतः तिच्या मधल्या दोन तासांत, तोंडाशी इतकी ओढ असते की छोट्या इंजिनाचा निम्म्याहून जास्त वेग तिच्याशी झगडण्यातच जातो. त्यात दक्षिणेचा वारा समोरासमोर आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात.

म्हणून पहिल्या खेपेला माझा सल्ला असा: पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी तोंडाशी पोहोचा. पाणी तुम्हाला हलकेच आत नेतं, ओढ फार नसते, आणि महत्त्वाचं म्हणजे पुढे चिखलात कुठे टेकलात तरी चढतं पाणी वीस मिनिटांत उचलून देतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच बसावं लागतं.

खोलीचं गणितही कागदावर मांडून ठेवा. पोर्ट सोलंटकडे जाणाऱ्या वरच्या जलमार्गाची नकाशातली खोली सुमारे दीड मीटर धरा. आज ओहोटीची उंची ०.८ असेल तर सगळ्यात कमी पाणी २.३ मीटर. तुमची बोट पाण्याखाली १.६ मीटर बसत असेल तर कण्याखाली, म्हणजे बोटीच्या सगळ्यात खालच्या भागाखाली, सत्तर सेंटिमीटर उरतात. वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने पाणी तक्त्यापेक्षा थोडं खाली राहू शकतं आणि गाळ कधी कुठे सरकेल सांगता येत नाही. मी स्वतः कण्याखाली एक मीटर असल्याशिवाय अनोळखी जलमार्गात जात नाही. वरच्या उदाहरणात म्हणजे पाणी आणखी फूटभर चढेपर्यंत थांबायचं, एवढंच.

तोंडाबाहेर करायच्या गोष्टी

समजा तुम्ही पश्चिमेकडून, आइल ऑफ वाइटवरच्या काउझच्या बाजूने येताय. गिलकिकर पॉइंट ओलांडलं की डावीकडे किनाऱ्याला लागून हॅमिल्टन बँक नावाचा उथळ पट्टा आहे. तो चुकवून छोट्या बोटी स्वॉशवे नावाच्या वाटेने मुख्य जलमार्गाकडे येतात. इथे साउथसीहून बेटावरच्या राइडला जाणारं, हवेच्या गादीवर चालणारं होव्हरक्राफ्ट आडवं येतं. ते पाण्याला जवळजवळ टेकत नाही आणि वाऱ्याने बाजूला सरकत जातं, म्हणून त्याचं तोंड जिकडे दिसतं तिकडेच ते चाललंय असं समजू नका. लांबूनच दिशा हेरा.

इथे, पाणी अजून मोकळं असताना, थांबा. खरंच थांबा. बोटीची नाळ (पुढचं टोक) वाऱ्याकडे करून उभी राहा आणि पुढची कामं या क्रमाने उरका.

इंजिन सुरू करा आणि मागच्या नळीतून थंडाव्याचं पाणी पडतंय का ते डोळ्यांनी बघा. पाच मिनिटं चालू द्या. पुढे आणि मागे, दोन्ही गिअर टाकून पाहा. मगच शिडं उतरवा. इंजिन असलेल्या प्रत्येक बोटीला तोंडाजवळच्या चार नंबरच्या बोयापासून (तरंगती खूण) आत बॅलास्ट बीकन या खुणेपर्यंत इंजिन चालवणं बंधनकारक आहे. शीड उभं ठेवायला बंदी नाही, पण पहिल्या खेपेला मोठं शीड उतरवून नीट बांधून घ्या. पुढचं शीड गुंडाळलेलं ठेवा, त्याचा दोर मात्र हाताशी, सुटा ठेवा. का ते खाली सांगतो.

नांगर पुढे टाकायच्या तयारीत ठेवा, कुलपात नको. दोर आणि फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लावायच्या फुगीर गाद्या) आत्ता बांधू नका, फक्त बाहेर काढून ठेवा. फेंडर लोंबकळत ठेवून तोंडातून गेलात तर फेरीबोटींच्या लाटांनी ते आपटत राहतात आणि नेमक्या वेळी कुणीतरी ते आवरायला पुढे वाकतं. सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटं हवीत, पट्टे घट्ट.

रेडिओ ११ नंबरवर लावा. बंदराचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्या किंग्ज हार्बर मास्टरचं कार्यालय याच वाहिनीवर जहाजांची हालचाल सांगतं. तुम्ही बोलायलाच हवं असं नाही, ऐकायला मात्र हवंच. मोठं जहाज निघणार असेल तर दहा मिनिटं आधी त्याची चाहूल इथेच लागते. पोर्ट्समथ हे एचएमएस क्वीन एलिझाबेथ या विमानवाहू जहाजाचं घर आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ते इथे पहिल्यांदा आलं. दोनशे ऐंशी मीटर लांबीचं जहाज त्या तोंडातून निघतं तेव्हा बाकी सगळ्यांनी बाहेर थांबायचं असतं. तसं काही ऐकलंत तर वळसा घालून अर्धा तास मागे फिरा, थर्मासमधला चहा प्या. घाई कुणालाच नाही.

तोंडातले पाचशे मीटर

इथला नियम नवख्यांना गोंधळात टाकतो, म्हणून सावकाश वाचा. आपल्याकडे मुंबईत जशी खुणांची पद्धत आहे तीच इथे आहे: बंदरात शिरताना लाल खुणा डाव्या हाताला, हिरव्या उजव्या हाताला. पण वीस मीटरपेक्षा लहान बोटींसाठी मुख्य जलमार्गाच्या पश्चिम अंगाला, म्हणजे लाल खुणांच्या पलीकडे, वेगळा छोट्या बोटींचा मार्ग आखलेला आहे. त्यामुळे चार नंबरचा लाल बोया तुम्ही उजव्या हाताला सोडता. नेहमीच्या सवयीच्या हे उलट आहे. सुकाणूवरच्या माणसाने आणि नकाशा बघणाऱ्याने हे आधी एकमेकांना मोठ्याने सांगावं.

हा मार्ग येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोघांचाही आहे. तुम्ही त्यात उजवीकडे राहा, म्हणजे समोरून येणारी बोट तुमच्या डाव्या अंगाने जाईल. मुख्य जलमार्ग मध्येच ओलांडायचा नाही. पूर्वेकडे गनव्हार्फच्या धक्क्याला जायचं असेल तरी बॅलास्ट बीकनपर्यंत वर जाऊन, ११ वर परवानगी घेऊन मगच. आपल्याला आज तिकडे जायचं नाही, तेवढं बरं.

फोर्ट ब्लॉकहाउसचा कोपरा आंधळा आहे. त्याच्या मागे डावीकडे हॅस्लर क्रीक ही खाडी आहे आणि तिथून बोटी अचानक बाहेर येतात. हिरव्या रंगाचं जुनं दीपजहाज दिसलं की ते हॅस्लर मरीना समजा. पुढे गॉस्पोर्टची प्रवासी फेरी दर थोड्या वेळाने बंदर आडवं कापत असते. उजवीकडे आइल ऑफ वाइटला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आणि राइडच्या वेगवान कॅटमरान (दोन जोडलेल्या अंगांच्या बोटी) सुटतात. या सगळ्यांच्या लाटा दोन्ही भिंतींवर आपटून परत येतात, म्हणून वारा नसतानाही तोंडात पाणी उकळल्यासारखं वाटतं. घाबरू नका. बोटीची नाळ सरळ ठेवा, वेग स्थिर ठेवा आणि एका माणसाला फक्त मागे बघायला बसवा. मोठं जहाज मागून येतं आणि तुमच्या इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येत नाही.

आता पुढच्या शिडाच्या दोराबद्दल. दुसऱ्या वर्षी मी एका ऑक्टोबरच्या दुपारी उशिरा, ओहोटी सुरू झाल्यावर आत येत होतो. बाहेर लाटांनी बोट हलली होती, टाकीच्या तळाचा गाळ ढवळला गेला आणि ब्लॉकहाउसच्या बरोबर समोर इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. माझी बायको सुकाणूवर होती. तिने एका शब्दाने न विचारता नाळ बाहेर वळवली, मी दोर ओढून पुढचं शीड अर्धं उघडलं आणि जी ओहोटी आम्हाला अडवत होती तिनेच आम्हाला पाच मिनिटांत बाहेर आणून सोडलं. बाहेर उथळ पाण्यात नांगर टाकला, ११ वर कळवलं, गाळणी बदलली आणि पुढच्या भरतीला आत आलो. शिडाचा दोर कुलपातल्या पिशवीत असता तर काय झालं असतं हा विचार मी अजून करतो. तेव्हापासून तोंडाशी येण्याआधी दोघांत ठरलेलं असतं: इंजिन गेलं तर ओहोटीत बाहेर, भरतीत आत हॅस्लरच्या दिशेला, आणि नांगर कोण टाकणार.

बंदराच्या पोटात

बॅलास्ट बीकन मागे पडलं की श्वास मोकळा होतो. उजवीकडे एकशे सत्तर मीटर उंच स्पिनेकर टॉवर, त्यापुढे एचएमएस वॉरियरचा काळा लांब देह. सोबतच्या माणसांना फोटो काढू द्या, तुम्ही मात्र पुढे बघा. संपूर्ण बंदरात वेगमर्यादा दहा नॉटची आहे. नौदलाच्या जहाजांपासून आणि धक्क्यांपासून किमान पन्नास मीटर लांब राहायचं. बंदुकधारी पहाऱ्याची बोट जवळ आली तर वेग कमी करा, ते सांगतील ते करा.

डावीकडे गॉस्पोर्टचा किनारा. इथून जाताना मी दर वेळी सोबतच्यांना एका जहाजाची आठवण सांगतो. १८१७ साली मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानातून ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका बांधली गेली. पुढे तिचं नाव बदलून फुद्रॉयाँ झालं आणि विसाव्या शतकात कित्येक दशकं ती याच पाण्यात, गॉस्पोर्टसमोर, मुलांना दर्यावर्दीपणा शिकवणारं जहाज म्हणून नांगरून होती. १९८० च्या दशकात तिला उत्तरेला हार्टलपूलला नेलं, मूळ नाव परत दिलं, आणि आज ती तिथे डागडुजी होऊन दिमाखात उभी आहे. ओकची कित्येक जहाजं कुजून गेली, मुंबईचं सागवान टिकलं. या बंदरात आपण अगदीच परके नाही, असं मला ते सांगताना वाटतं.

गॉस्पोर्ट मागे पडलं की बंदर तीन फाट्यांत पसरतं. या फाट्यांना इथे लेक म्हणतात, प्रत्यक्षात त्या खाड्याच आहेत. उजवीकडचा फाउंटन लेक मोठ्या फेरी-धक्क्याकडे जातो, डावीकडचा फेअरम लेक फेअरम गावाकडे. आपल्याला मधला पोर्टचेस्टर लेक हवा. हा फाटा चुकणं सोपं आहे, कारण भरतीला सगळं बंदर एकसारखं चकाकतं आणि नांगरलेल्या बोटींच्या रांगा सगळीकडे असतात. होकायंत्राची दिशा आधी नकाशावरून लिहून ठेवा आणि वळल्यावर ताडून पाहा.

खांब मोजत जाणे

पोर्टचेस्टर लेकमध्ये बोये संपतात आणि खांब सुरू होतात. लाल खांब डावीकडे, हिरवे उजवीकडे, प्रत्येकावर क्रमांक. मी प्रत्येक खांब ओलांडला की नकाशावर पेन्सिलीने खूण करतो. फोनवरचा नकाशा छान असतो, पण ऊन पडलं की पडदा दिसत नाही. सगळ्या खांबांवर दिवे नाहीत, म्हणून पहिली खेप दिवसाउजेडीच करा.

इथला खरा धोका खोल दिसणाऱ्या पाण्याचा आहे. ओहोटीला दोन्ही बाजूंना चिखलाची पठारं उघडी पडतात, आपल्या खाजणासारखी, आणि वाट कुठे आहे हे लहान मुलालाही कळतं. भरतीला तीच पठारं हातभर पाण्याखाली जातात आणि समोर सरळ मोकळं सरोवर दिसतं. मग वळणाचा कोपरा कापायचा मोह होतो. कापू नका. ओहोटीच्या वेळी एकदा पोर्टचेस्टरच्या किनाऱ्यावर पायी जाऊन ती वाट बघून या. हिवाळ्यात गेलात तर चिखलावर काळ्या मानेच्या ब्रेंट बदकांचे थवेही दिसतील. त्या एका फेरफटक्याने जे कळतं ते दहा नकाशांनी कळत नाही.

वाटेत उजव्या अंगाला टिपनरची नेमबाजीची जागा आहे. तिथे लाल बावटे वर असतील तर रेंगाळायचं नाही, नांगर टाकायचा नाही, खांबांच्या आत राहून पुढे निघून जायचं.

डावीकडे पोर्टचेस्टरचा किल्ला पाण्यालगत येतो. तिसऱ्या शतकात रोमनांनी बांधलेल्या त्याच्या तटबंदीच्या भिंती अजून उभ्या आहेत. किल्ला आडवा आला की समजा फार थोडं उरलं. आता फेंडर लावा, दोन्ही बाजूंना, आणि दोर बांधा: एक पुढे, एक मागे, आणि एक बोटीच्या मधोमध. मधला दोर सगळ्यात कामाचा. तो आधी धक्क्याला लागला की बोट थांबते आणि बाकीचे दोन सावकाश बांधता येतात.

लॉक आणि जागा

पोर्ट सोलंटचं आतलं पाणी बाहेरच्या भरती-ओहोटीपासून लॉकने वेगळं ठेवलेलं आहे. दिवसरात्र चालू असतं. किल्ल्याजवळूनच रेडिओच्या ८० नंबरवर हाक द्या: बोटीचं नाव, लांबी, पाण्याखाली किती बसते, आणि पाहुणी जागा हवी आहे. ते जागेचा क्रमांक आणि कोणत्या बाजूने लागायचं ते सांगतील. लिहून घ्या आणि परत म्हणून दाखवा.

लाल दिवा असेल तर दरवाजापासून लांब थांबा. वारा मागून असेल तर बोट सरकत पुढे जाते, म्हणून नाळ वाऱ्याकडे वळवून जागेवर धरा. हिरवा झाला की शक्य तितक्या हळू आत. सगळ्यात आधी मधला दोर बांधा. दार बंद झाल्यावर पाणी आत किंवा बाहेर वाहतं तेव्हा बोट ओढली जाते. दोर हातात धरून बसू नका, क्लीटला (बोटीवरची दोर बांधायची खुंटी) एक वेढा द्या आणि उरलेला हातात ठेवा. इंजिन चालूच ठेवा. बोटीच्या आणि धक्क्याच्या मध्ये हात-पाय कधीच घालायचे नाहीत. कितीही टन वजनाची बोट असली तरी ती अडवायचं काम फेंडरचं.

आतल्या दारातून बाहेर पडलात की समोर इमारती, उपाहारगृहं आणि शेकडो डोलकाठ्या. इथे वारा इमारतींमधून फिरून येतो, म्हणून डोलकाठीवरचा बाण आणि खरा वारा जुळत नाहीत. पाण्यावरची शिरशिरी बघून वारा ओळखा. सांगितलेल्या जागेवरून एकदा सरळ पुढे निघून जा, ती नीट बघून घ्या, मग वळून या. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर तिसरी फेरी मारा. शेजारच्या बोटीवरचा कुणीतरी दोर घ्यायला येईल. त्याला फक्त मधला दोर द्या आणि नम्रपणे सांगा, ओढू नका, नुसता खुंटीला अडकवा. मदतीच्या भरात पुढचा दोर ओढला गेला की नाळ धक्क्यावर आपटते.

परतीला सगळं याच क्रमाने उलटं. फक्त लॉकमधून पूर्ण भरतीच्या तासभर आधी निघा, म्हणजे खांबांच्या वाटेत पाणी भरपूर असतं आणि ओहोटीने जोर धरायच्या आत तुम्ही तोंडाबाहेर पडता. निघण्याच्या आदल्या रात्री हार्बर मास्टरच्या चालू सूचना पुन्हा वाचा. गोदीतली कामं, जहाजांच्या हालचाली, बंद ठेवलेले पट्टे यांची खबर त्यातच असते.